पुढची सीट

प्रिय मुंगे,

तुझा नकाशा पोचला. गाडीचं पोट उघडून आत कोण कुठे झोपणार, पाण्याची टाकी कुठे, गॅस कुठे, तुझ्या भिंगरीची बादली आणि फावडं कुठे, सगळं पट्टीने आखून धाडलंयस. पूल बांधणाऱ्यांच्या ऑफिसात नकाशे काढणारी नात असली की म्हातारा-म्हातारीलासुद्धा मापात झोपावं लागतं. तुझ्या आजोबांनी तो फ्रिजवर चिकटवलाय. सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभे राहतात आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेतात, भिंत रंगवल्यासारखी. मी म्हटलं, पाठ करताय की काय. तर म्हणाले, नात कुणाची आहे. जसं काही त्या कामात माझा हात नव्हताच.

नकाशा झकास आहे. एकच गोष्ट बदल. मला तू मागच्या पलंगावर घातलंयस. जाड गादी, पाय पसरायला जागा, वर बाण काढून लिहिलंयस, आजीचे गुडघे. आणि पुढे, ह्यांच्या शेजारच्या सीटवर, भिंगरीचं नाव. पोरीला समुद्र सगळ्यात आधी दिसावा म्हणून. तुझा हेतू चांगला आहे, मी काही दगड नाही, मला कळतं. पण पुढच्या सीटचं असं करून चालणार नाही. आहे तशी राहिली तर ही गाडी फाटकाबाहेर निघू द्यायची नाही असं मी ठरवलंय, आणि मी ठरवलं म्हणजे काय होतं ते तुझ्या बापाला विचार.

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. तुझा फोन आला की हे तो स्पीकरवर टाकतात आणि खुर्ची ओढून बसतात, बातम्या ऐकल्यासारखे. कान अजून शाबूत आहेत, शेजारच्यांनी कुलपात किल्ली घातली तरी ह्यांना इकडे ऐकू येतं. म्हणून हे लिहिणं. चौथीनंतर मी शाळेला सोडलं की शाळेने मला, हा वाद कधी मिटला नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस आणि हे पत्र बापाला दाखवू नकोस. का ते पुढे येईल.

आधी प्रवासाचं उरकते. तू पहिला मुक्काम तळ्याकाठी आणि दुसरा समुद्रावर ठेवलायस. उलट कर. समुद्राने अंगाला मीठ लागतं, ते नंतर तळ्यात धुतलं जातं. आधी तळं केलंस तर सगळे मीठ घेऊन घरी येतील आणि गाडीचे पडदे महिनाभर चिकट राहतील. पडदे मी शिवलेत, धुवायचेही मलाच आहेत. चाकं वाळूवर न्यायची नाहीत, दगडी भागावरच थांबायचं. चाकाखाली घालायला दोन फळ्या घे. लव्हाळ्यापासून लांब थांब, डास तिथेच जन्माला येतात आणि जेवायला आपल्याकडे येतात. आमच्या नातजावईबापूंना मळमळतं, त्यांना खिडकी दे आणि एक पिशवी दे. आणि संडासाची पेटी रिकामी करायचं काम तू कुणाच्याच नावावर टाकलेलं नाहीस. ते तुझ्या बापाचं. लहानपणी त्याचं मी केलं, आता त्याने सगळ्यांचं करावं.

तुला आठवतं का माहीत नाही, ही गाडी आली तेव्हा तू एवढीशी होतीस. ह्यांची बस डेपोतली नोकरी संपली, हार-नारळ झाले आणि पुढच्याच आठवड्यात एका बंद पडलेल्या बेकरीची पावाची गाडी घेऊन दारात उभे. मी म्हटलं, म्हातारपणी लोक देवाला लागतात, तुम्ही भंगाराला लागलात. ऐकतात कुणाचं. आत फळ्या ठोकल्या, पलंग केले, छताला खिडकी पाडली, ती पहिल्याच पावसात गळली, परत बसवली. अजूनही ऊन तापलं की त्या गाडीतून पावाचा वास येतो. दरवर्षी आपण तिकडेच. एका बाजूला समुद्र, मध्ये वाळूचा बांध, आणि अलीकडे गोड्या पाण्याची तळी, ताटात वाट्या मांडल्यासारखी. ह्यांचा नियम ठरलेला. पोहायचं तळ्यात, बघायचं समुद्राकडे. तू पहिल्यांदा समुद्र बघितलास तेव्हा रडलीस, म्हणालीस हा सारखा हलतो, ह्याला झोपवा. आणि तळ्यात उतरलीस तर संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार नाहीस, ओठ निळे.

आणि पुढे कायम आम्ही दोघं. हे स्टिअरिंगवर, मी शेजारी, हातात स्टीलचा चमचा. तुम्हाला सगळ्यांना तो चमचा माहीत आहे. बसमध्ये कंडक्टरची घंटा असायची, एक टोला थांबा, दोन टोले चला, त्याशिवाय ह्यांचा पाय हलायचा नाही. म्हणून गाडीतही मी पत्र्यावर चमचा वाजवायचा. पहिल्यांदा ती गंमत होती. नंतर चमच्याच्या जोडीला माझं तोंड सुरू झालं. अहो, डावीकडे सायकल. अहो, ट्रक मागून येतोय. अहो, ती बाई पोराला घेऊन उतरतेय रस्त्यात. अहो, वळण. तुझा बाप जेवताना माझी नक्कल करतो आणि सगळे पोट धरून हसता. मीही हसते. एकदा तू मला स्वयंपाकघरात धरलंस आणि हळूच म्हणालीस, आजी, त्यांनी आयुष्यभर बस चालवली, तू जरा त्यांच्यावर सोड ना. मी भांडं घासत होते, घासत राहिले. तुला वाटलं, म्हातारीला राग आला.

राग नव्हता आला. तुला काय सांगायचं ते ठरत नव्हतं.

तुझ्या आजोबांना कडेचं दिसत नाही. समोरचं दिसतं, पेपर वाचतात, सुईत दोरा माझ्याआधी ओवतात. पण नळीतून बघावं तसं. डाव्या डोळ्याचं जास्त गेलंय. डोळ्यात थेंब घालतात ना सकाळ-संध्याकाळ, आणि तू विचारलंस तर मी म्हटलं, डोळे कोरडे पडतात. कोरडे नाहीत. काचबिंदू आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, हळू बोलल्या, चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, आणि काका, गाडी आता दुसऱ्या कुणाला चालवू द्या. ह्यांनी मान डोलावली. बाहेर आलो, जिन्यात थांबले, कठडा धरला आणि म्हणाले, घरी सांगायचं नाही. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. खाली उतरलो, गाडीत बसलो, ह्यांनी किल्ली फिरवली आणि मी म्हटलं, डावीकडे रिक्षा आहे.

तेव्हापासून हेच चाललंय. आमच्यात ह्यावर एक शब्द झाला नाही. मी कटकट करायची, ह्यांनी वैतागायचं, आणि गाडी सुखरूप घरी यायची. लोकांना वाटतं म्हातारीची जीभ तिखट. आहेच तिखट, लग्नाआधीपासून आहे, पण आता तिला काम लागलं होतं. आजवर कुणाला खरचटलं नाही. ते आमचं शहाणपण नव्हे, रस्त्यावरच्या लोकांचं नशीब. हे मी तुला लिहितेय म्हणजे मला ते कळत होतं, आणि कळत असूनही मी शेजारी बसत होते. ज्या माणसाने सगळा जन्म दुसऱ्यांना नेऊन पोचवण्यात घालवला त्याला घरात बसवून कसा ठेवायचा, हे मला येत नव्हतं. मला फक्त बोलता येतं.

आता तळ्याचं ऐक. मागे आम्ही दोघं तिकडची मुक्कामाची जागा उघडी आहे का ते बघायला गेलो होतो, आणि येताना हँडब्रेक सुटून गाडी तळ्यात घसरली, असं सगळ्यांना सांगितलं. हँडब्रेकला काही झालं नव्हतं. तो बिचारा अजून बदनाम आहे.

झालं असं की जाताना पंपावर थांबलो. तिथल्या तेल भरणाऱ्या बाईला मी म्हटलं, जरा हळू, सांडतंय. तर हे तिला म्हणाले, हिचं मनावर घेऊ नका, हिला बंद करायचं बटणच दिलेलं नाही. ती हसली. हेही हसले. दुसरा दिवस असता तर मी दोघांना पुरून उरले असते, पण त्या दिवशी लागलं. ज्या तोंडावर ह्यांची गाडी चालते त्याच तोंडाची परक्या बाईसमोर अशी थट्टा. मी गाडीत चढले, चमचा पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, सापडलं बटण. आणि अबोला धरला. आमचे अबोले तू पाहिलेले नाहीस, तुझ्या बापाने पाहिलेत. एकदा तर भाजीत मीठ कमी आहे हे ह्यांनी मांजराला सांगितलं होतं, माझ्या कानावर जावं म्हणून.

रस्ता मोकळा होता, मी गप्प, हे गप्प. तिथे पोचलो, जागा उघडी होती, बघितली. परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. तळ्यांच्या मधून जो अरुंद रस्ता जातो तो तुला माहीत आहे, एका ठिकाणी उजवीकडे वळतो. समोर ऊन आलं की तळ्याचं पाणी डांबरासारखं चकाकतं, सरळ रस्ता पुढे गेल्यासारखं वाटतं. मला वळण दिसत होतं. लव्हाळी दिसत होती. पाण्यावर एक बदक होतं, तेही दिसत होतं. मला वाटलं, आता वळवतील. मग वाटलं, आता थांबतील. चांगल्या डोळ्याचा माणूस थांबलाच असता. आणि माझं तोंड उघडलं तोवर बदक उडालं होतं आणि आम्ही पाण्यात होतो.

खोल नव्हतं. पाणी पायरीवर आलं आणि थांबलं. चाकं चिखलात रुतली. इंजिन बंद पडलं आणि एकदम सगळं शांत झालं, पलीकडून समुद्राचा आवाज येत होता तेवढाच. ह्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. समोर बघत होते. मी वाट बघत होते, की आता ओरडतील, नाहीतर हँडब्रेकला शिव्या घालतील. तर हळूच म्हणाले, तू बोलली का नाहीस.

एवढंच. मुंगे, मला इतकी वर्षं वाटत होतं की मी ह्यांच्या नकळत ह्यांना सांभाळतेय. माझ्या कटकटीचा ह्यांना खरंच वैताग येतो असंही वाटायचं. आणि हा माणूस त्या कटकटीवरच चालत होता, प्रत्येक शब्द मोजून घेत होता, आणि मी गप्प बसले की समोर रस्ता मोकळा आहे असं समजत होता. त्या दिवशी मी गप्प होते, म्हणून ह्यांनी विश्वासाने गाडी पाण्यात घातली. मी साडी वर खोचून उतरले, पाणी गुडघ्यापर्यंत, गार. हे पलीकडून उतरले आणि माझा हात धरून काठावर आले. कोण कुणाला आधार देत होतं ते बघणाऱ्याला कळलं नसतं. जवळच एक मासेवाला होता ट्रॅक्टर घेऊन, त्याने दोर लावून ओढली. तो ह्यांना म्हणाला, काका, रस्ता दिसला नाही का. मी म्हटलं, हँडब्रेक. माझ्या तोंडून इतक्या पटकन खोटं निघालं की ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मान पूर्ण वळवून बघावं लागतं आता ह्यांना, मी डावीकडे असले की.

घरी कसे आलो ते विचारशील. तो मासेवालाच चालवत आला, त्याचा भाचा मागून मोटारसायकलवर. ह्यांनी सांगितलं, पाठीत लचक भरलीय. त्या दिवसापासून गाडी मागच्या अंगणात उभी आहे. हे रोज तिला पुसतात. चिखल कधीच गेला, तरी पुसतात. डावीकडचा आरसा सगळ्यात जास्त पुसतात. मी खिडकीतून बघते आणि भाजी चिरते.

आणि तेवढ्यात तुझा नकाशा आला. त्यात तुझ्या आजोबांच्या हाती गाडी, गाडीत आपलं सगळं घर, आणि ह्यांच्या डाव्या बाजूला पाच वर्षांची भिंगरी. ती काय सांगणार ह्यांना. तिचं सगळं लक्ष समुद्राकडे, आणि ते तसंच असायला हवं. रस्त्याकडे बघायचं वय आहे का तिचं. तू मला आराम दिलास, आणि त्या आरामापायी ह्यांचा डावा डोळा उचलून मागच्या पलंगावर ठेवलास. तुझी चूक नाही. तुला माहीतच नव्हतं.

मी आधी ठरवलं होतं की भांडून पुढची सीट घ्यायची आणि होतं तसं चालू ठेवायचं. गुडघे गेले खड्ड्यात. पण रात्री अंग टाकलं की ते बदक दिसतं. माझं वय झालंय, मला डुलकी लागते, शिंक येते, राग येतो. एखाद्या क्षणी मी गप्प बसेन, आणि त्या वेळी समोर तळं नसेल, एखादी बाई पोराला घेऊन उतरत असेल. तेव्हा मी पुढे बसून भागणार नाही.

तुझ्या बापाला सांगता येत नाही. तो माझा लेक आहे, सोन्यासारखा आहे, पण त्याचं बोलणं म्हणजे ढोल. भर जेवणात जाहीर करेल, बाबा, किल्ली द्या. वयाच्या अठराव्या वर्षी त्याने ह्यांच्या बसचा आरसा डेपोच्या फाटकाला घासला, त्यावरून हे त्याला सगळ्यांसमोर बोलले, तेव्हापासून त्याने मोठ्या गाडीला हात लावला नाही. त्याला वाटेल आता परतफेडीची आपली पाळी. हे किल्ली ताटावर ठेवतील, आणि उठून जातील, आणि परत कधी त्या टेबलावर बसणार नाहीत. मी ओळखते माझ्या माणसाला.

आता एक गोष्ट सांगते आणि संपवते. मागच्या आठवड्यात हे अंगणात बसून काहीतरी शिवत होते. जाड उशी, मागे पट्टे लावलेली, ड्रायव्हरच्या सीटला पाठीमागे बांधायची. मी म्हटलं, तुमचे पाय एवढे लांब, उशी लावलीत तर गुडघे स्टिअरिंगला लागतील. म्हणाले, सीट जुनी झालीय. हे बाजारात गेले तेव्हा मी चढून बसून बघितलं. ती उशी पाठीला लावली की माझ्याएवढ्या बुटक्या बाईचा पाय ब्रेकवर नीट पोचतो. आपल्या घरात माझ्याएवढी बुटकी एकच आहे, आणि तिच्याकडे लायसन आहे. त्यांनी मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हे मागणार नाहीत मुंगे, कधीच नाही. तू माग. म्हणून हे पत्र. आजारपणाचा, डोळ्यांचा, वयाचा शब्द काढू नकोस, ह्या पत्राचा तर नाहीच. नेहमीसारखा फोन कर, स्पीकर लागला की म्हण, आजोबा, मला मोठी गाडी शिकवा, माझ्या बापाने नाक कापलं ते मला भरून काढायचंय. दर रविवारी ये. ते ओरडतील, क्लचवरून डोकं खातील, तू ऐकून घे, कारण ते जे सांगतील ते खरं असेल. आणि निघायच्या दिवशी तू उशी लावून सरळ बस, उठू नकोस. शेजारी ते बसतील. चमचा मी त्यांच्या हातात देईन, दोन टोले त्यांनी दिले की निघ. भिंगरीला माझ्याजवळ मागे दे, पलंगावर, खिडकीपाशी. जाड गादी मला चालेल. आणि त्या चढावरच्या वळणावर, जिथे तुम्ही सगळे दरवर्षी दिसला-दिसला म्हणून ओरडता, तिथे गाडी जरा हळू घे. मी त्या वळणावर कायम डावीकडच्या सायकलवाल्यांकडे बघत आले, समुद्र तिथून कसा दिसतो ते मला ठाऊक नाही.

तुझीच,
बटण सापडलेली आजी